पहिली वीत

चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ते उकिडवे बसत आणि उजवा तळहात जमिनीपासून चार बोटं वर आडवा धरत. मग मान वर करून म्हणत, "आता काठी मागं न्या. हाताखालून. माझ्या हाताला लागली नाय पायजे."

गोल्फची ती लोखंडी तोंडाची काठी, आणि तिच्या वाटेत साठीच्या माणसाचा उघडा हात. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही घाम फुटला असता.

पडेगावच्या बाजूला एक लहानसं गोल्फचं मैदान आहे. तिथे ते शिकवायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी गवत कापायच्या कामाला लागले, बघून बघून खेळ शिकले आणि पुढे मोठमोठ्या साहेबलोकांना शिकवू लागले. सर्टिफिकेट कुठलं नव्हतं. पौर्णिमेला विहारात जायचं असे, तेवढ्या दिवशी लवकर निघत. एरवी सकाळी सहापासून मैदानावरच.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. आमच्या मालकांना गोल्फचं वेड. "रविवारी येत जा," म्हणाले. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. तशी ती कशाचीच नाही. जालना रोड ओलांडताना मी बायकोचा हात धरतो, तो तिच्यासाठी नव्हे.

माझी खोड अशी की चेंडूसमोर उभा राहिलो की काठी मागे नेताना हिसका द्यायचो. तापल्या तव्यावरून बोट उचलावं तसा. मामांनी पहिल्या दिवशी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, चेंडू चावतो का?"

मग पंधरा दिवस मी रोज सकाळी जात होतो, पण त्यांनी मला एकदाही चेंडू मारू दिला नाही. फक्त सुरुवात. काठी गवताला लागून, सरळ, वीतभर मागे न्यायची आणि थांबायचं. "मनगट मोडू नका. खांद्यानं ढकला. पहिली वीत सांभाळली की पुढचं आपोआप व्हतं." मी धांदल केली की ठरलेला प्रश्न, "घाई कुनाला हाय?"

हात मध्ये का धरता, असं मी एकदा काकुळतीनं विचारलं. ते हसले. "तुम्ही चेंडूला भिता. माझ्या हाताला जास्ती भ्याल. मंग हळू न्याल."

आणि खरंच तसं झालं. त्यांचा हात समोर दिसला की माझी काठी मुंगीच्या पावलानं मागे जायची. एका सकाळी त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "मारा." चेंडू असा सरळ गेला की मीच बघत राहिलो. मामांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "लागला दौलताबादच्या वाटंला," एवढंच म्हणाले.

हा हात घालायचा प्रकार बंद करा, असं मैदानाच्या सेक्रेटरींनी त्यांना एकदा बजावलं होतं. मामा "व्हय साहेब" म्हणाले होते, आणि तेव्हापासून लिंबाच्या झाडांमागे, कोपऱ्यात शिकवत होते.

त्या कोपऱ्यातच ते घडलं. मामा हात धरून बसले होते, मी काठी मागे न्यायला लागलो, आणि झाडांपलीकडून मालकांनी खणखणीत आवाजात माझं आडनाव पुकारलं. मी दचकलो. जुना हिसका बसला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मामा ओरडले नाहीत. हात काखेत दाबून खाली बसले, तोंड पांढरंफटक. दोन बोटं भलतीकडे वळली होती.

त्यांना गाडीत घालून मी दवाखान्याकडे निघालो. तशातही तेच मला सांगत होते, "साहेब, सिग्नल लाल हाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "कुनी इचारलं तर गाडीच्या दारात बोटं सापडली म्हणायचं."

"पण मामा..."

"हात घालू नको म्हणले व्हते मला. शिकवनं बंद करतील माझं."

मी बरं म्हणालो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मालकांना काही दिसलं नव्हतं. तरी पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो.

तीन आठवड्यांनी आम्हा दोघांना कमिटीपुढे बोलावलं. लांब टेबल, आठ माणसं, त्यात आमचे मालक. मला खुर्ची दिली. मामा प्लास्टरचा हात छातीशी धरून उभे. त्यांनी दाराची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "आपल्या माळ्यानं लांबून पाहिलं. तो म्हणतो, तुमची काठी लागली."

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "दारात सापडली," एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. पण माझे गुडघे टेबलाखाली एकमेकांवर आपटत होते, आणि तोंडातून भलतंच निघालं. "माझ्याच काठीनं लागलं. चूक माझी आहे. मामांची नाही."

मला वाटलं, मी त्यांना वाचवलं. सेक्रेटरींनी माझं पहिलं वाक्य तेवढं धरलं. "म्हणजे हात घालणं चालूच होतं."

पुढच्या महिन्यापासून पुण्याहून शिकलेला शिक्षक येणार असं ठरलं. मामांना म्हणाले, हवं तर पुन्हा गवताच्या कामावर या. मामांनी नकारार्थी मान हलवली आणि बाहेर पडले.

मी गेटपाशी त्यांना गाठलं. "मामा, मला वाटलं..."

"साहेब, तिथंबी घाई केली तुम्ही." आवाजात राग नव्हता. ते पडेगावच्या रस्त्यानं चालत निघून गेले.

माझं मात्र काही बिघडलं नाही. मालकांनी तो विषयही काढला नाही. हे सांगताना अजून मान खाली जाते.

मामा सिल्लोडला मुलीकडे राहायला गेल्याचं नंतर कळलं. बोटं कायमची आखडली, असंही कुणी म्हणालं. मी दोनदा भेटायला निघालो आणि दोन्ही वेळा वाटेत फुलंब्रीहूनच गाडी मागे वळवली. ते काय म्हणतील, याची भीती वाटायची. काहीच म्हणणार नाहीत, याची जास्त. तिसऱ्यांदा पोचलो तोवर दीड वर्ष उलटलं होतं.

त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनंच दार उघडलं. मी मामांना विचारलं.

"पप्पा गेले. दिवाळीच्या आधी. झोपेतच."

मी कसंबसं माझं नाव सांगितलं. "म्हंजे कमिटीसमोर बोललेले ते साहेब तुम्हीच?"

मी होय म्हणालो आणि पुढचं ऐकायला उभा राहिलो. पळून जावंसं वाटत होतं.

"लई येळा सांगायचे पप्पा," ती म्हणाली. "ते साहेब थरथर कापत व्हते, तरी खरं बोलले. मी मातर भ्यालो, म्हणायचे." मग दारातून बाजूला झाली. "काम गेल्याचं दुःख व्हतंच त्यांना. ते नाय म्हणत नाय मी. बसा, चहा ठेवते."

मी बसलो. तिनं चहा आणला तेव्हा कपबशी माझ्या हातात खडखडायला लागली. तिनं ती परत घेतली, शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि समोर बसून राहिली, मला तो पिता येईपर्यंत.