अळणीबाईंचा नियम

माझ्या नणंदेला आम्ही घरात अळणीबाई म्हणतो, अगदी तोंडावर. सगळी नोकरी तिनं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात केली. पेशंटांसाठी रांधायचं, मीठ बेतानं, तिखट जवळजवळ नाहीच. तोच हात घरीही पडतो. हिच्याकडे जेवायला जाताना मिठाची डबी खिशात घालून जावं, असा आमच्या यांचा नेहमीचा टोमणा. ती ढिम्म! "जिवंत आहात ना? मग जेवा गुपचूप," म्हणायची.

तर या बाईनं यंदा परस्पर जाहीर करून टाकलं, की सुट्टीतलं सगळ्यांचं जेवण तिच्याकडे.

आता मला राग येणार नाही तर काय? वर्षानुवर्षं माणसं जमतात ती माझ्याकडे. मोठं टेबल माझ्याकडे, चांगल्या बश्या माझ्याकडे. हिच्या जेमतेम दोन खोल्या, त्यातली एक पलंगानंच खाल्लेली. मी म्हटलं, "माणसं बसवणार कुठे? डोक्यावर?"

"जमिनीवर," ती म्हणाली. "आणि वहिनी, दादाला आणायचंच. त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं."

तिथं मी टेबलाचा विषय सोडला. हे घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागला, औषधं झाली, डॉक्टर झाले, शेवटी दुकान बंद करावं लागलं. ते दुःख त्यांनी गिळलं. पण गेल्या सुट्टीत माझ्याच टेबलावर, सगळ्यांदेखत, घास तोंडाशी जाता जाता सांडला. तेव्हापासून हा माणूस चारचौघांत जेवलेला नाही. कुणी आलं की यांचं ताट आतल्या खोलीत. आता हे असंच चालायचं, अशी मी मनाची समजूत घातली होती. नणंदेनं घातली नव्हती.

अर्थात हे नाहीच म्हणाले. "तुम्ही जा. मला हल्ली भूक नसते." मी फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून तिचा आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला. "दादा, तू नाही आलास तर पातेल्यासकट सगळी वरात तुझ्या दारात आणीन. मग बस आतल्या खोलीत, जागा मिळाली तर!" ती बोलते ते करते, हे यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. धुतलेला शर्ट मुकाट्यानं अंगात घातला.

मी माझ्या बश्या घेऊन गेले होते. तिनं त्या घेतल्या आणि सरळ कपाटावर चढवल्या. "छान आहेत. जाताना आठवणीनं घेऊन जा." मग काढले खोलगट, जड वाडगे आणि जाड दांड्याचे मोठे चमचे. सगळ्यांना तेच, लहान-मोठं कुणी नाही. "ताई, इस्पितळातून उचलून आणलेत की काय?" धाकटी जाऊ माझ्या कानात पुटपुटली.

भिंतीला पाठ लावून सगळे गाद्यांवर बसलो. मधोमध भाताचं आणि रश्श्याचं पातेलं. "नियम एकच," नणंद म्हणाली, "आज कुणी कुणासाठी उठायचं नाही. ज्याला जे हवं ते त्यानं आपलं आपण घ्यायचं."

हे कोपऱ्यात बसले. अर्धाच वाडगा, मांडीवर. पहिला चमचा नीट गेला. दुसराही गेला. धाकटे दीर त्यांच्या साहेबाची गंमत रंगवून सांगत होते, आणि मी कान तिकडे देऊन डोळे इकडे ठेवले होते. तिसरा चमचा शर्टावर सांडला.

दीर बोलता बोलता थांबले. माझ्या हातात फडकं आलंही होतं, मी अर्धी उठलेही होते, तेवढ्यात गुडघ्यावर नणंदेचा हात पडला. चांगला जड.

"बस," ती हळूच म्हणाली.

"अगं, शर्ट—"

"शर्ट धुता येतो. तू फडकं घेऊन धावतेस, वहिनी, म्हणून सगळे बघतात. बस."

असा संताप आला मला! आणि त्याच दमात रडूही आलं, कारण खरं होतं ते. नियम सगळ्यांना सांगितला होता, पण केला होता माझ्यासाठी. मी बसले.

"मग पुढे काय झालं? पडला की नाही तुझा साहेब खुर्चीवरून?" तिनं दिराला मोठ्यानं विचारलं. गोष्ट पुन्हा सुरू झाली. चमचाही.

साहेब खुर्चीवरून पडला तोवर यांनी वाडगा संपवला, पुढे सरकून पातेल्यातून पुन्हा आपल्या हातानं भरून घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय गं अळणीबाई, मीठ घालायला विसरलीस की विकून खाल्लंस?"

हसून हसून पुरेवाट झाली. ती मात्र जागची हलली नाही. "फळीवर आहे. नियम माहीत आहे ना?"

हे उठले. भोकाभोकांची डबी घेतली आणि आपल्या वाडग्यावर उपडी धरली. हात थरथरत होता, मीठ भुरभुर पडत होतं. हलवावंसुद्धा लागत नव्हतं. ते त्या हाताकडे बघत राहिले.

"घ्या!" ते एकदम हसले. "मिळालं की याला काम! करा रे वाडगे पुढे सगळ्यांनी."

सगळ्यांनी केले. माझ्या वाडग्यात तर इतकं पडलं की रस्सा खारट झाला. मी तो शेवटपर्यंत खाल्ला.