‘नाईस’चा हट्ट आणि जुनं पुणं

आई गेल्यावर बाबांना अकोल्याहून कोथरूडला माझ्याकडे आणलं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस, पण इथे दिवसभरात ‘हो’, ‘नको’ आणि ‘पंखा कमी कर’, एवढंच. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. माझा धीर संपला होता. शनिवारी त्यांना जुन्या पुण्यात फिरवायचं आणि बोलतं करूनच घरी आणायचं, असं ठरवून निघाले. हत्यार एकच होतं, ‘नाईस’. निबंधात हा शब्द दिसला की बाबा वही परत करायचे.

मेट्रोने कसबा पेठेत उतरा. सरकते जिने आहेत, ज्येष्ठांना बरं पडतं. तिथून चालत तांबट आळी. एक कारागीर बंबाला ठोके देत बसले होते. “नाईस बंब,” मी म्हणाले. बाबांची भुवई हलली, बाकी काही नाही.

नारायण पेठेत मिसळ खाल्ली. दुसऱ्यांदा रस्सा मागितला की वाढपी आधी तुमच्याकडे बघतात, मग वाढतात. “मिसळ नाईस, ताकही नाईस.” बाबांनी चमचा खाली ठेवला आणि परत उचलला. मला रडूच येत होतं, पण आता माघार घेणार नव्हते.

मंडईत गाडी नेऊ नका, पिशवी न्या. एका भाजीवाल्या मावशींसमोर मी पुन्हा सुरू केलं, “कोथिंबीर नाईस दिसतेय.”

“बास,” बाबा म्हणाले. “अगं, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अजाण. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे झाला चोखंदळ, मग काटेकोर. छान हा अर्थ फार उशिराचा. आणि तू सकाळपासून दिसेल त्याला तोच चिकटवतेयस.”

“काका, शिकवणी घरी घ्या,” मावशी म्हणाल्या. “जुडी हवीये का?”

“ही पिवळी पडलीये. ती दाखवा. नको, तीही नको.”

“चोखंदळ म्हणजे काय ते कळलं,” मावशी म्हणाल्या.

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी टोमॅटो निवडायच्या निमित्ताने डोळे पुसले.

रिक्षाने घरी आलो. पाय बोलत होते, पण मी खूप आनंदात होते. चहा घेताना बाबा म्हणाले, “मुद्दाम चाललं होतं ना तुझं?”

“हो.”

“तुझी आई हेच करायची. मी रुसलो की चुकीचं इंग्रजी फेकायची, मी बोलावं म्हणून.”

हे मला माहीतच नव्हतं. “मग मिसळ खातानाच का नाही बोललात?”

“अजून थोडं ऐकायचं होतं,” बाबा म्हणाले.