थोरलीचं चित्र, धाकटीचं दार

घरात दोन जावा. थोरली चित्रकार. शाळेच्या पुस्तकांची कव्हरं काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती आणि तिच्या हाताचं नाव होतं. झाड काढलं तर पानातली शीरन् शीर दिसायची. धाकटी चपलांच्या दुकानात कामाला. दर सोमवारी दुकानाची काचेची खिडकी सजवायचं काम तिच्याकडे होतं. कुणी चौकशी केली की थोरली सांगायची, "आमच्या धाकट्या जाऊबाई चपलांत असतात." यात खोटं काही नव्हतं, फक्त 'चपलांत' हा शब्द ती जरा लांबवायची.

धाकटीचा नवरा दोन मित्रांना घेऊन वरच्या खोलीत कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. तीन वर्षं खपून त्यांनी एक गेम पुरा केला. चाळीस मजल्यांची इमारत, आणि खेळणारा असतो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. लिफ्ट ज्या मजल्यावर अडकेल, त्या मजल्यावरच्या घराचं गुपित त्याला कळत जातं. गेम चांगलाच होता. पण तो ऑनलाइन दुकानात मांडायचा, तर तिथे हजारो गेम दाटीवाटीने उभे. गिऱ्हाइकाला आधी दिसणार एक छोटं चित्र आणि त्याखाली दोन-तीन ओळी. त्याने तिथे क्लिक केलं तर पुढचं सगळं, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

"वहिनी, चित्र तुम्हीच काढायचं. आणि त्याखालचा मजकूरही तुम्हीच लिहा," दीर म्हणाला.

थोरलीने तीन आठवडे मान वर केली नाही. तिने अख्खी इमारत काढली, चाळीसच्या चाळीस मजले. एका खिडकीत इस्त्री करणारा म्हातारा, एकीत जिन्याकडे पाठ करून बसलेलं मांजर, एकीत दोरीवर वाळत घातलेले लहान मुलाचे मोजे. खाली मजकूर लिहिला, 'एका अद्भुत, उत्कंठावर्धक आणि अविस्मरणीय प्रवासासाठी सज्ज व्हा!'

रविवारी दुपारी सगळे वरच्या खोलीत जमले. दिराने दुकानाचं पान उघडून दाखवलं. इतर गेमांच्या रांगेत थोरलीचं चित्र काडेपेटीएवढं होऊन बसलं होतं. चहाचा ट्रे घेऊन आलेली धाकटी वाकून बघत म्हणाली, "ही फणी आहे का?"

एका मित्राच्या नाकातून चहा आला. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"फणी नाही, आपली इमारत आहे ती," दीर म्हणाला.

"अगंबाई! इतकी बारीक झाल्यावर ओळखूच येईना. ताई, चित्र सुंदरच आहे हो," धाकटी ओशाळली. "पण माणूस दुकानासमोरून चालत जात असतो ना, थांबलेला नसतो. एका पावलात जेवढं दिसेल तेवढंच तो बघतो. आम्ही खिडकीत सगळा माल मांडला की कुणी ढुंकून बघायचं नाही. एकच जोड मधोमध ठेवला की लोक काचेला नाक लावायचे."

"मग इथे कुठला जोड ठेवू, तेही सांग," थोरली म्हणाली.

धाकटीने खरंच विचार केला. "लिफ्टचं दार. चार बोटं उघडलेलं. आणि त्या फटीतून बाहेर आलेली कुणाची तरी बोटं." मग तिने टेबलावरचं रिकामं पाकीट ओढलं आणि पाठीमागे लिहिलं, 'लिफ्ट अडकली आहे. आत एक बाई आहे. ती म्हणते, दार उघडू नका.'

दोन्ही मित्र पाकिटावर वाकले. हातातला चहा निवत गेला. थोरलीला ते दार डोळ्यांसमोर लख्ख दिसलं, आणि ते बरोबर होतं, हेच तिच्या पोटात दुखलं. वीस वर्षांत आपल्या एकाही कव्हरावर लोक असे वाकले नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली!

ठरलं असं, की ओळी धाकटीच्याच घ्यायच्या. चित्रं मात्र दोन, एक आठवडा इमारत, एक आठवडा दार. ज्यावर जास्त लोक क्लिक करतील ते ठेवायचं. दार काढणार कोण? घरात चित्र काढणारी एकच होती.

थोरलीने दार काढलं. दुकानाचं पान गडद करड्या रंगाचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दार करडं केलं, भिंत करडी केली, बोटं सावलीत ठेवली. रेघ न् रेघ नेटकी. कुणी बोट ठेवावं अशी चूक एकही नाही, आणि जीव म्हणाल तर औषधालाही नाही.

पहिल्या आठवड्यात इमारत बघणाऱ्या शंभरातल्या दोघांनी क्लिक केलं. दाराच्या आठवड्यात जेमतेम एकाने. धाकटीचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं. चपला आणि गेम सारखे नसतात," असं म्हणून ती खाली गेली. त्या संध्याकाळी थोरली भांडी घासताना गुणगुणत होती. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "काही नाही."

हे सुख तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी दिराने गेम खेळलेल्या कुणाचा तरी अभिप्राय मोठ्याने वाचायला घेतला. "ओळी वाचून अंगावर काटा आला, म्हणून गेम घेतला. चित्रामुळे मात्र दोनदा पुढे निघून गेलो होतो. आणि मध्ये ते जे दार लावलं होतं, ते काय झोपेत..." तो थांबला. "जाऊ दे, वहिनी. लोक काहीही लिहितात."

पण ते जिव्हारी लागलं. एकाच दमात जावेची वाहवा आणि आपला हात झोपलेला! थोरली खोलीत गेली आणि तिने नवा कागद लावला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. लोक त्या तीन ओळी वाचायलाच विसरतील असं दार काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

तीन कागद फाडले. चौथ्यावर फटीतून पिवळा उजेड आला. बोटं त्या उजेडात आली, आणि एका नखावर अर्धवट उडालेलं लाल नेलपॉलिश. तिने ते काडेपेटीएवढं छापलं, बोळाच्या एका टोकाला धरलं आणि नवऱ्याला दुसऱ्या टोकाला उभं केलं. नवरा गणिताचा मास्तर, चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नसे.

"काय दिसतंय?"

"दार." मग तो दोन पावलं पुढे आला. "कोण आहे गं आत?"

नवं दार लागलं आणि शंभरातले आठ जण क्लिक करायला लागले. दीर जिन्यातून ओरडतच खाली आला, "हिची कल्पना चालली!" 'हिची' म्हणजे बायकोची.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक धाकटीच्या खोलीत शिरली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझी कल्पना पहिल्यांदाच चालली असती," थोरली जवळजवळ भांडायच्या सुरात म्हणाली. "मी मुद्दाम करड्यावर करडं काढलं होतं. कळलं?"

धाकटीने हातातली घडी पुरी केली. "ते बघितलं तेव्हाच कळलं होतं, ताई. दहा वर्षं खिडक्या सजवल्यात मी."

"मग तेव्हा तोंडात काय मूग धरले होतेस?"

"बोलले असते तर घरात भांडण झालं असतं, आणि चित्र काही मिळालं नसतं." ती खाली बघत राहिली. "आणि खरं सांगू? मला सरळ रेघ ओढता येत नाही. तुम्ही त्या खिडक्या काढत होतात ना, इस्त्रीवाला म्हातारा, ते मोजे, तेव्हा मी दाराआडून बघायचे. इतका राग यायचा तुमचा! वाटायचं, देवाने सगळं एकाच हातात कसं दिलं?"

आपल्यावरही कुणी जळतं, हे ऐकून थोरलीला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तिने ढिगातली एक चादर उचलली आणि समोरचं टोक धाकटीच्या हातात दिलं.

त्यानंतर दोघींनी मिळून चार गेमांची दुकानं सजवली. आता बाहेरचे लोकही गेम घेऊन येतात. काय दाखवायचं ते धाकटी ठरवते, दाखवते थोरली, आणि भांडणं दर वेळी होतात. कुणी विचारलं, "कल्पना कुणाची हो?" तर थोरली सांगते, "आमच्या धाकट्या जाऊबाईंची." सांगताना आत काहीतरी अजूनही टोचतं. मग धाकटी लगेच म्हणते, "पण हात ताईंचा!" तेवढ्यासाठी थोरली कान देऊन उभी असते. परवा एका गिऱ्हाइकासमोर धाकटीला हे म्हणायला श्वासभर उशीर झाला, तर थोरली संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही.