फलाटाला न लागलेली गाडी

आमच्या मामाला स्टँडवर सगळे कर्णा म्हणतात. चौकशीच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारणं हे त्याचं काम. घरी मात्र त्याचं तोंड उघडायला मुहूर्त लागतो.

मामाचा नियम एकच. गाडी फलाटाला लागल्याशिवाय माइकला हात लावायचा नाही. दुपारच्या पाळीच्या बाईंचं बरोबर उलटं. गाडी डेपोत जांभया देत असतानाच त्या पुकारतात. लोक पिशव्या घेऊन फलाटावर लोटतात, गर्दी बघून डेपोवाल्याला घाम फुटतो आणि गाडी बाहेर पडते. पाळी बदलताना दोघांची रोज जुंपते.

"नसलेल्या गाडीला काय हाका मारता, बाई?"

"आणि तुम्ही आलेल्या गाडीला मारता, भाऊ. ती दिसते की लोकांना."

संवादशास्त्राच्या पेपरसाठी मी हेच भांडण जाड पुस्तकातून पाठ केलं होतं. एक पंथ म्हणतो, प्रसंग आधी येतो, तोच माणसाला बोलायला लावतो. दुसरा म्हणतो, तसा प्रसंग कुठं नसतोच. बोलणारा ज्यावर बोट ठेवील तो प्रसंग. मी दोघांनाही बरोबर ठरवून काठावर पास झालो. मामाला सांगितलं तर म्हणाला, "पहिला पंथ शहाण्यांचा. दुसरा बाईंचा."

पण शहाणपण महागात पडत होतं. मामाच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, त्याच्या शब्दावर एका ऑफिसात नोकरी लागली होती. ती सोडून ती धरणावर पाणी तपासायच्या कामाला गेली. मामा म्हणाला, "माझा शब्द घालवलास." ताई म्हणाली, "मग यापुढं टाकू नका." तेव्हापासून ती वेगळी खोली घेऊन राहते आणि धरणाच्या गाडीसाठी रोज लांबच्या फलाटावर उभी असते. मामा काचेतून बघतो. योग्य प्रसंग आला की बोलणार होता.

मग ताईची बदली झाली, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. आज तिची धरणाची शेवटची खेप, ही बातमी आणली बाईंनी, पाळीच्या बऱ्याच आधी येऊन. "आता कुणाच्या आजारपणाची वाट बघताय, भाऊ? तिच्या की तुमच्या?"

 मामानं चष्मा पुसला, माइक ओढला आणि पुकारलं, "धरणाकडे जाणारी गाडी फलाट एकवर लागत आहे."

फलाट एक म्हणजे आमच्या नाकासमोर. गाडीचा पत्ता नव्हता. मी कॉलेजला दांडी मारून तिथं बसलो होतो, माझ्याही हातातला पेपर खाली पडला.

लोंढा आला. त्यात ताई. पुस्तकात तिसराही एक पंथ होता, तो मी ऑप्शनला टाकला होता. त्याचं म्हणणं, प्रसंग एकट्या बोलणाऱ्याचा नसतो; ऐकणाराही आपापला प्रसंग घेऊन येतो. इथं तर अख्खी बस भरेल एवढी माणसं आपापला घेऊन आली होती.

"कुठंय गाडी?"

"झोपेत पुकारता काय हो?"

लोकांनी ढकलत ढकलत ताईला खिडकीपर्यंत आणलं. मामानं काचेच्या भोकाकडे तोंड नेलं. एवढा प्रसंग उभा केला, पण त्यात घालायला शब्दच नव्हते.

"गाडी येईल," तो म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली. मग पिशवी सावरत, "आवाज बसलाय तुमचा."

"धूळ असते."

"गरम पाणी पीत जा, बाबा."

"पितो."

तेवढ्यात गाडी खरंच आली. गर्दी दाराकडे धावली, ताईही तिच्याबरोबर ओढली गेली. तिला खिडकीपाशी जागा मिळाली.

पुकारणं पूर्ण झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही, आमच्या स्टँडचा तसा कायदाच आहे. मामानं माइक चालू केला. एरवी तो शेवटच्या गावाचं नाव घेऊन मोकळा होतो. आज एकेक थांबा सांगायला लागला. नाका, गिरणी, जुना पूल, शाळा, हात दाखवला तरच गाडी थांबते ती झाडंसुद्धा. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. ताईनं खिडकीची काच सरकवली आणि दंडावर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

मग यादीत धरण आलं. त्यापुढं रस्ता नाही. मामा माइक बंद न करता तसाच धरून बसला. गाडी वळून फाटकाबाहेर गेली तरी स्टँडभर त्याचा श्वास ऐकू येत होता.