रामदास नानांचा पट्टा

रामदास नानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, हाताला धरून बाजूला ओढलं. शिरपूरजवळच्या, अडकलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या यार्डात मी सुपरवायझर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नानांचा जुना, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा अवजड ट्रक एका बंद पडलेल्या टँकरला ओढायच्या तयारीत होता आणि मी मोबाइलवर फोटो काढत मधोमध उभी होते.

"ताई, तठे उभी ऱ्हाऊ नको. दोरना रस्ता शे तो."

दोर अजून ताणलेलाही नव्हता. हा माणूस नव्या सुपरवायझरवर वचक बसवू पाहतोय, असं मला वाटलं.

नानांचा कशावरच विश्वास नव्हता. हँडब्रेक ओढला तरी ते चाकाखाली लाकडी ठोकळा लावत. अडकलेल्या गाडीचा चालक "माल निम्माच आहे" म्हणाला, तर स्वतः वर चढून ताडपत्री उचलून पाहत. ओढताना झटका कधीच द्यायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं जायचं. लोक घाई करू लागले की ते इंजिनच बंद करत. "जो म्हनस काही व्हत नही, त्याले पहिले मांगे धाडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका कामाला तीन तास लागत आणि यार्डाचे मालक, शेठ, मला फोनवर विचारत, "नाना नेमकं करतात काय?"

मीही तेच शोधत होते. स्टोअरमधले ओढायचे पट्टे कमी होत चालले होते. एका दुपारी स्टोअरच्या मागे मला एक पिवळा पट्टा सापडला. मधोमध कापलेला, नव्यासारखा दिसणारा. मी नानांना विचारलं.

"कापा मी," ते शांतपणे म्हणाले.

"का?"

"खराब व्हता. आतून गया."

मी तो उलटसुलट करून पाहिला. कुठे धागासुद्धा निघालेला नव्हता. माझा संशय पक्का झाला. काम टाळायचं म्हणून हा माणूस सामान नासवतोय. दोन दिवसांनी त्यांनी आणखी एक पट्टा कापायला बाजूला काढलेला दिसला. नाना जेवायला गेल्यावर मी तो उचलला, पुरावा म्हणून माझ्या कपाटात ठेवला आणि शेठना सगळं कळवलं. शेठनी नानांना रजेवर पाठवलं. जाताना नानांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मक्याने भरलेला ट्रक नाल्यात रुतला. नानांच्या जागी दुसरा चालक आला होता. ट्रकबरोबरचा पट्टा आखूड पडला, तेव्हा जास्तीचा असू दे म्हणून मी कपाटातून आणलेला नानांचा तो पट्टा गाडीतून काढून दिला.

"चांगला आहे ना?" मी विचारलं.

"मॅडम, काही होत नाही," तो हसून म्हणाला.

त्या क्षणी मला नानांचं वाक्य आठवलं. मी गावकऱ्यांना लांब जायला सांगितलं, स्वतःही दूर झाले. पण चालकाला थांबवलं नाही. त्याने झटका दिला आणि पट्टा तुटला. त्याचं टोक चाबकासारखं मागे फिरलं आणि ओढणाऱ्या ट्रकच्या केबिनची मागची काच फोडून आत घुसलं. चालकाच्या मानेला टाके पडले. बोटभर इकडेतिकडे झालं असतं तर तो वाचला नसता. तुटलेल्या जागी पट्ट्याच्या आतले धागे राखेसारखे हातात चुरत होते. त्यावर कधीतरी बॅटरीचं ॲसिडचं पाणी सांडलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही.

"कोनले लागनं?" त्यांनी आधी तेवढंच विचारलं.

चालक बरा आहे म्हटल्यावर त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

"मन्हाबी हातून व्हयेल शे," ते म्हणाले. "पट्टा खराब व्हता, मले माहीत व्हतं. मी बाजूले ठेयेल व्हता. पाऊस उना, घाई व्हयनी, मीच तो उचला. समोरना ड्रायव्हर जागवरच गया." मग म्हणाले, "मले मन्हाच भरोसा नही, ताई. म्हनीसन कापस."

मी शेठना माझी चूक सांगितली. नाना परत आले. त्यांनी मला पट्टा डोळ्यांनी नव्हे, तळहातानं तपासायला शिकवलं. माझ्यावर विश्वास मात्र ठेवला नाही. मी तपासलेलं सगळं ते पुन्हा तपासत.

दोन वर्षांनी एका सकाळी ते ऑफिसात आले आणि ट्रकची किल्ली टेबलावर ठेवली. "आते मले येकना दोन दिखतस."

शेठ म्हणाले, "नाना, वर्षभर थांबा. सोपी कामं तुम्हाला देऊ."

"सोपं काम कोनतं शे, ते सांगा पहिले."

शेठनी किल्ली उचलून खणात ठेवली.

मी नानांना एसटी स्टँडवर सोडायला स्कूटी काढली. मागे बसण्याआधी नाना वाकले, पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि सरळ उभे राहिले.

"टायर आतून गया. मी पायी जासू," ते म्हणाले. "तू बी पायीच चाल."

स्कूटी तिथेच ठेवून आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत गेलो.