वाळवी न लागलेलं पान

अकरा पोळे झाले, आणि ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही. ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच—तो दर आठ-पंधरा दिवसांनी माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन जातो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या भावकीतले नाही, बहुधा एवढंच कारण असेल.

आधी माझ्याविषयी. मी मास्तर होतो. आखाडा बाळापूरच्या आसपासच्या शाळांतून मराठी आणि इतिहास शिकवला, आता निवृत्त होऊन गावातच असतो. मला उर्दू वाचता येतं. माझे वडील निजामाच्या राज्यात हिंगोलीला शिकले, तेव्हा शाळा उर्दूत होती. त्यांनी मला लहानपणी पाटीवर अलिफ-बे गिरवायला लावलं. तेव्हा त्याचा भयंकर कंटाळा यायचा. पुढे मात्र या एका विद्येवर मी पंचक्रोशीत बराच भाव खाल्ला. आमच्याकडचं जुनं सरकारी दफ्तर उर्दूत आहे, आणि ज्यांच्या पणजोबांची नावं त्यात आहेत त्यांना ते वाचता येत नाही. लोक नकला घेऊन येतात. मी चष्मा लावतो, ओळीवर बोट ठेवतो, वाचतो. मी सांगेन ते त्यांच्या पणजोबाचं नाव, मी सांगेन तेवढं त्याचं शेत. मास्तर, बराबर वाचलं ना—असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता घराविषयी. आमचा मूळपुरुष सटवाजी, माझा खापरपणजोबा. त्याच्या घरात दोन मुलं वाढली, राणोजी मोठा आणि भिवाजी धाकटा. राणोजीचे वंशज आम्ही, म्हणजे थोरली पाती. भिवाजीचा वंशज नारायण, म्हणजे धाकटी पाती. नारायण माझा लांबचा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. जमीन दोन्ही पात्यांना सारखीच आली. बांधावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही.

फरक होता तो एकच. आमच्या घरात सांगत आले की राणोजी हा सटवाजीचा पोटचा, पहिल्या बायकोचा. ती वारली, मग सटवाजीने चंद्रभागा नावाच्या विधवेशी पाट लावला, आणि तिने येताना भिवाजीला कडेवर आणलं. म्हणजे भिवाजीचा बाप कुणी दुसराच. धाकट्या पातीला आमच्यातले म्हातारे 'संगं आलेले' म्हणायचे. शिवी म्हणून नव्हे—अगदी सहज, गावातल्या चार गोष्टी बोलता बोलता.

सहजच, पण पंगतीला आमची माणसं आधी बसायची. लग्नात टोपी-टॉवेल आधी आमच्या हातात यायचा. आणि पोळा! आमच्या गावात पाटलांची जोडी तोरणाखालून गेली की एकेक भावकी निघते, आणि भावकीत कोणाच्या मागे कोण हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. पहिली जोडी आमची, तिच्यामागे नारायणच्या घरची. मी कळायला लागल्यापासून पुढेच चाललो. हे असं का, असं मला कधी वाटलंही नव्हतं.

भरकटतोय का मी? भरकटतोय. मुद्दा जवळ आला की माझं असंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी नारायणच्या मुलीला, संगीताला, कुरुंद्याचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर हळद पिकवणारं, माणसं नेमस्त. संगीता माझीच विद्यार्थिनी. मुलीलाही मुलगा आवडला होता, हे तिच्या आईने माझ्या बायकोला सांगितलेलं. रीतीप्रमाणे मुलाकडचे दोघे जाणते भावकीत चौकशीला आले, म्हणजे आमच्याच घरी. माझे चुलते तेव्हा होते. बोलता बोलता ते म्हणाले, "तसे संगं आलेले हायेत ते. पण माणसं लय चांगली." मी शेजारी बसून सुपारी कातरत होतो. पाहुणे एकमेकांकडे बघतात हे मी पाहिलं. ते वाईट काही बोलले नाहीत, चहा घेतला, आणि जाताना नारायणकडे निरोप ठेवला—कुळाचं जरा नक्की कळू द्या, आठ दिवस थांबतो.

नारायण दुसऱ्या दिवशी आला. एरवी येताच बसायचा, त्या दिवशी ओट्याशी उभाच राहिला.

"दादा, तालुक्याला सटवाजीच्या येळचं दफ्तर हाय म्हणतेत. तुमाला वाचता येतंय. तुमी तेवढं बघा. दोघायच्या नावाफुडं एकच बाप निघाला की झालं. मला लय न्हाई पाह्यजे."

मी रजा टाकून गेलो. मनापासून गेलो, हे सांगायला हवं. दोघांचा बाप एकच निघावा असंच मला वाटत होतं. त्यात माझं काय जाणार होतं? लाल फडक्यात बांधलेलं दफ्तर माझ्यापुढे ठेवलं गेलं आणि मी शेतसाऱ्याच्या वह्या उलटू लागलो. सटवाजी लवकरच सापडला. सालोसाल सापडत गेला. कधी जवारी, कधी तूर, एक साल अंबाडी, एका साली निम्मं शेत पडीक. त्या साली काय झालं असेल? आजारी होता, की बैल मेला, की पहिली बायको तेव्हाच गेली? वहीत कारण नसतं. पण एका माणसाचं अख्खं आयुष्य असं पिकापिकाने पुढे सरकताना दिसलं आणि मला फार बरं वाटलं. इतिहासाच्या मास्तराला आणखी काय हवं?

मग शेताचे दोन भाग झाले आणि दोन नावं आली. पहिलं नाव वाचलं—राणोजी वलद खंडोजी. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. हा कुणी दुसरा राणोजी असणार, असं वाटून मी खालची ओळ वाचली. भिवाजी वलद सटवाजी. शेत तेच होतं, ओढ्याकाठचं, ज्यात आज माझी तूर उभी आहे.

मी मर्दुमशुमारीची घरयादी मागवली. त्या काळची जनगणना, घरोघरची माणसं लिहिलेली. आमचं घर एका पानावर वरच्या बाजूलाच होतं. कागद जाड, शाई तपकिरी, अक्षर वळणदार. लिहिणाऱ्याला घाई नसावी. सटवाजी, कर्ता, धंदा शेती. चंद्रभागा, पाटाची बायको. राणोजी, वय नऊ, बायकोच्या आधीच्या नवऱ्याचा. भिवाजी, वय तीन, कर्त्याचा. चारच ओळी. पहिल्या बायकोचं मूल कुठेही नव्हतं. पानाच्या कडेलासुद्धा वाळवी लागलेली नव्हती.

संगं आलेला राणोजी होता. संगं आलेले आम्ही होतो.

गोष्ट उलटी कशी झाली असेल, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. राणोजी वयाने मोठा, म्हणून सटवाजीमागे तोच कर्ता झाला. आणि कर्ता सांगेल तेच घरात खरं. सटवाजीने मात्र काही लपवलं नव्हतं. त्याने दुसऱ्याचं लेकरू थोरलं म्हणून वाढवलं, निम्मं शेत त्याच्या नावावर केलं, आणि तरीही त्याच्या मेलेल्या बापाचं नाव सरकारी वहीतून पुसू दिलं नाही. इतका सरळ माणूस मला आमच्या घरात दुसरा माहीत नाही.

आणि मी काय केलं?

नक्कल घेतली. रीतसर अर्ज करून घेतली, घडी केली, पिशवीत तळाशी ठेवली, एसटीत बसलो. वाटेत मला भीती वाटत होती. कशाची, तेही मला स्पष्ट ठाऊक होतं—पोळ्याची. पंचावन्न वर्षांचा शिकलेला माणूस, मुलांना समतेचे धडे शिकवणारा, आणि भीती कसली, तर बैलांच्या रांगेत मागे जाण्याची. आपल्याविषयी कुणी सुपारी कातरता कातरता म्हणेल—ते तसे संगं आलेले, पण माणसं चांगली. हे वाक्य मला सहन होणार नव्हतं. नारायणने ते जन्मभर सहन केलं होतं, हेही मला त्याच एसटीत सुचलं. सुचूनही काही उपयोग झाला नाही.

नारायण फाट्यावर वाट बघत उभा होता. मी उतरलो आणि त्याने विचारायच्या आधीच बोललो. "पान न्हाई रे नारायण. वाळवीनं खाल्लं."

झालं, एवढंच. हीच ती गोष्ट. तुम्हाला वाटलं असेल, काही मोठं निघेल.

तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. तुमी लय तकलीफ घेतली." आणि माझ्या हातातली पिशवी त्याने स्वतःकडे घेतली. फाट्यापासून घरापर्यंत दीड किलोमीटर तो ती पिशवी घेऊन माझ्या शेजारून चालला. त्याच्या बापजाद्यांचं नाव तळाशी होतं. त्याने ती माझ्या ओट्यावर ठेवली, पाणी प्यायला आणि गेला.

कुरुंद्याचं स्थळ मोडलं. संगीता त्यानंतर दोन वर्षांनी परभणीकडे दिली. तिचं बरं चाललंय, दोन लेकरं आहेत, दिवाळीला येते तेव्हा माझ्या पाया पडते. तिचं बरं चाललंय म्हणून मी सुटलो का? नाही. पुढे चुलतेही गेले. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. ते गेल्यावर तेही सांगता येईना, तरी गप्पच राहिलो. नक्कल कपाटात आहे, विम्याच्या कागदांच्या पिशवीत. वर्षातून एकदा ती हाताला लागते आणि मी ती परत ठेवतो.

आता म्हणे जुन्या नोंदींचे फोटो काढून ते संगणकावर चढवून राहिलेत. कधीतरी कुणीतरी उर्दू जाणणारा ते पान उघडेलच. त्याआधी आपणच बोललेलं बरं, म्हणून मी हे सांगतोय का? असेलही. मी त्याची शपथ घेणार नाही.

पण पोळ्याचं सांगायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाने ट्रॅक्टर घेतला आणि बैल विकले. मला मनातून बरं वाटलं. बैलच नाहीत तर मान कसला? नारायणची जोडी आपोआप पुढे जाईल, मला तोंड उघडावं लागणार नाही आणि गोष्ट तिथेच मिटेल, असं मी धरून चाललो होतो. त्या पोळ्याला मी घरातच थांबलो. दुपारी नारायण दारात हजर. स्वतःची जोडी धुतलेली, शिंगं रंगवलेली, बाशिंगं, झुली, घुंगरमाळा. कासरा माझ्यापुढे धरला.

"काहून बसून राहिले दादा? ट्रॅक्टरला झूल घालता का आता? धरा. थोरल्या पातीच्या आधी आमी कसं जावं?"

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं, मी संकोचतोय. तेव्हापासून दर पोळ्याला हेच. बैल त्याचे, वर्षभर वैरण त्याची, आदल्या दिवशी खांदे मळणारे हात त्याचे; आणि तोरणाखालून पुढे चालतो मी. नारायणला त्यात काही कमीपणा वाटत नाही. उलट मान राखला म्हणून तो खूष असतो.

यंदा येताना त्याने मला नवा फेटाही आणला होता. बांधता येईना तर त्यानेच बांधून दिला. मग कासरा माझ्या हातात दिला. मी तो घेतला. पाटलांची जोडी गेली, आमच्या भावकीचं नाव पुकारलं, आणि मी पुढे झालो. नारायण माझ्या मागून येत होता, मोकळ्या हातांनी.