खुंट्यांवरच्या बॅगा कोणाच्या?

मुलीच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानाला कर खात्याची नोटीस आली. दुकानात एवढा शिल्लक माल, मग विक्री एवढीशी कशी, असा सवाल होता. पंधरा दिवसांत पटणारं उत्तर गेलं नाही, तर एवढा दंड बसणार होता की दुकान बंदच करावं लागलं असतं.

तिचे कराचे कागद माझा भाचा बघायचा. वहीचे फोटो मागवायचा आणि घरी बसून सगळं भरायचा. फोनवर म्हणाला, "मावशी, कोऱ्या कागदावर तिची सही पाठव. पुढचं माझ्यावर सोड." मला हायसं वाटलं. लेक मात्र फणकारली, "दादाने माझं दुकान कधी पाहिलंय तरी का?"

शेजारच्या शिंप्याला विचारून तिने एक कर सल्लागार बाई शोधल्या. पन्नाशीच्या. अकरा वर्षं कापडगिरणीच्या कोठारात माल मोजून मग परीक्षा दिलेल्या.

"नोटीस मिटेल ना?" मी विचारलं.

"माहीत नाही. आधी दुकान बघू."

माहीत नाही! मग पैसे कशाचे द्यायचे?

दुकानात आल्या त्या कागद न मागता भिंतीकडेच बघत राहिल्या. खुंट्यांवर चाळीसेक बॅगा. एकीची चेन ओढून पाहिली, अडकली. दुसरीचा पट्टा तुटका.

"या कोणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या. दुरुस्तीला आल्यात."

बाईंनी वही आणि भाच्याने भरलेले कागद चाळले. "मग वहीत प्रत्येकीपुढे किंमत कशाला?"

"हरवली तर किती भरून द्यावे लागतील, त्याचा अंदाज."

बाई हसल्या. "तुमच्या दादाने हा सगळा तुमचा माल म्हणून दाखवलाय."

"बघ आई, बसल्या जागी मला श्रीमंत करून टाकलं!"

मी पुन्हा विचारलंच, "आता सुटेल ना ती?"

"तसं वचन देत नाही. कोणती बॅग कोणाची, ते पावत्यांसकट मांडू. खरं आहे ते सांगू."

दोन दिवसांनी त्या उत्तराचा मसुदा घेऊन आल्या. "वाचा. एकही ओळ कळली नाही, तर सही करू नका."

लेक तिसऱ्याच ओळीला अडली. बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. चौथ्या ओळीला पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मावशी, सही पाठवतेस ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "ती अजून वाचतेय."